प्राणिज काहीही नको: खालच्या जबड्यातल्या एका बोन ग्राफ्टचा प्रकरण अभ्यास

रुग्ण स्त्री, वय ५६. उजव्या बाजूने चावता येत नाही ही तक्रार. खालच्या जबड्यातल्या उजवीकडच्या शेवटच्या दोन दाढा साधारण नऊ वर्षांपूर्वी किडून काढाव्या लागल्या होत्या. तेव्हापासून काढ-घाल करायची अर्धी कवळी, तीही टोचते म्हणून बहुतेक वेळ डबीतच. मधुमेह सात वर्षांचा, गोळ्या चालू. तंबाखू किंवा सिगारेट नाही. हाडं ठिसूळ होण्यावरचं कुठलंही औषध घेतलेलं नाही. या वयाच्या प्रत्येक बाईला हा प्रश्न विचारावाच लागतो, कारण बिसफॉस्फोनेट गटातली औषधं किंवा डेनोसुमॅब चालू असेल तर शस्त्रक्रियेनंतर जबड्याचं हाड भरून न येता उघडं पडून राहण्याचा धोका असतो.

दोन इम्प्लांट (हाडात बसवून वर दात लावायचे धातूचे स्क्रू) बसवायचे, असं ठरवूनच त्या आल्या होत्या. सोबत मुलगी होती आणि प्रश्नांची यादी तिच्याकडे होती. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, त्याचं कारण त्या यादीतला एक प्रश्न. त्यातून पुढे अशी अट आली की नेहमीच्या वापरातली जवळजवळ प्रत्येक वस्तू पुन्हा तपासावी लागली. (रुग्णाच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

जबड्यात काय उरलं होतं

तोंडात पाहिलं तर हिरडी निरोगी, गुलाबी. बोट फिरवलं की मात्र खालचं हाड धारेसारखं लागायचं. सीबीसीटी, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनमध्ये ते स्पष्ट झालं. पहिल्या दाढेच्या जागी माथ्यावर हाडाची रुंदी ३.२ मिमी, दुसऱ्या दाढेच्या जागी ४.१ मिमी. उंचीची अडचण नव्हती: खालच्या ओठाला संवेदना देणारी नस जबड्यातल्या ज्या नळीतून जाते, तिच्या वर पुढच्या जागी १२ आणि मागच्या जागी ११ मिमी हाड होतं. मागच्या जागी जिभेच्या बाजूने हाडाला नेहमीचा खोलगटपणा होता. ड्रिलचा कोन थोडा चुकला तर ते तिथून जिभेखाली बाहेर पडू शकतं, आणि तिथल्या रक्तवाहिनीला इजा झाली तर तोंडाच्या तळाशी होणारा रक्तस्राव श्वास अडवू शकतो.

हाड असं का झिजतं? दाताभोवतीचं हाड दातासाठीच असतं. दात गेला की त्याला धरून ठेवणारा हाडाचा पातळ थर निकामी होतो आणि शरीर तो शोषून घेतं. गालाकडची भिंत मुळातच पातळ असल्याने झीज त्या बाजूने जास्त होते. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाढा आणि उपदाढांच्या जागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वर्षभरात हाडाची रुंदी सरासरी निम्म्याने घटलेली दिसली, आणि त्यातली दोनतृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झालेली होती. म्हणजे या बाईंचं बरंचसं हाड नऊ वर्षांत हळूहळू गेलं नव्हतं, दाढा काढल्या त्याच वर्षी गेलं होतं.

दाढेच्या जागी साधारण ४ मिमी व्यासाचा इम्प्लांट बसवायचा तर त्याच्या गालाकडच्या बाजूला दीड ते दोन मिमी आणि जिभेकडे किमान एक मिमी हाड उरायला हवं. हिशोब सहा-सात मिमीचा होतो. आमच्याकडे निम्मं होतं.

पर्यायांची चर्चा

ब्रिज शक्य नव्हता, कारण मागे आधाराला दातच नाही. अरुंद इम्प्लांट हाडात मावला असता, पण दाढेवर येणारा भार तीन मिमीच्या आतल्या धातूवर टाकायला माझं मन घेत नाही. हे स्क्रू मोडतात, आणि मोडलेला तुकडा हाडातून काढणं हे ग्राफ्टपेक्षा, म्हणजे साहित्य भरून हाड वाढवण्यापेक्षा, मोठं काम होतं. हाडाला उभी चीर देऊन ते फाकवणं वरच्या जबड्यात जमतं. खालच्या जबड्यातलं मागचं हाड कडक असतं, फाकवताना बाहेरची भिंत तुटून हातात येण्याची शक्यता असते.

धारदार माथा घासून खाली रुंद हाड लागेपर्यंत जायचं आणि आखूड, सहा मिमीचे इम्प्लांट बसवायचे, हा पर्याय मात्र खरोखर विचारात घेण्यासारखा होता. आखूड इम्प्लांटचे निकाल गेल्या काही वर्षांत चांगले आहेत आणि ग्राफ्ट टळतो. आमच्या बाबतीत पुढच्या जागी चार मिमी उंची घासून गेली असती. नसेपासून दोन मिमी अंतर ठेवायचंच असतं, म्हणजे इम्प्लांट जेमतेम सहा मिमीचा आणि त्यावरची कॅप त्याच्या जवळजवळ दुप्पट उंच.

काहीच न करणं हाही पर्याय आहे आणि तो रुग्णापुढे प्रामाणिकपणे ठेवला पाहिजे. उपदाढांपर्यंतचे दात शाबूत असतील तर अनेकांचं चावणं दाढांशिवायही ठीक चालतं. हे मी बाईंना सांगितलं. त्यांचं उत्तर सरळ होतं: "डॉक्टर, ठीक चालत असतं तर मी आले नसते." डावीकडचे दात त्यांना अलीकडे दुखू लागले होते. नऊ वर्षं सगळा भार त्याच बाजूवर होता.

तेव्हा ग्राफ्ट करायचं ठरलं. आधी हाडाची रुंदी वाढवायची, ते पक्कं झालं की इम्प्लांट. एकूण वर्षाहून अधिक काळ लागेल हे पहिल्याच भेटीत सांगितलं. हा आकडा मी कधी कमी करून सांगत नाही. नंतर वाढलेले महिने रुग्णाला बिघाडासारखे वाटतात.

अट

मुलीचा प्रश्न असा होता: "आईच्या जबड्यात जी पावडर भरणार, ती कशाची असते?"

उत्तरात चार प्रकार येतात. रुग्णाचं स्वतःचं हाड. दुसऱ्या माणसाचं, हाडपेढीत प्रक्रिया केलेलं हाड. प्राण्याचं, बहुतेक वेळा गाईगुरांचं हाड, ज्यातला सगळा सेंद्रिय भाग काढून फक्त खनिजाचा सांगाडा ठेवलेला असतो. आणि प्रयोगशाळेत बनवलेलं कॅल्शियम फॉस्फेट. या चौघांत फक्त स्वतःच्या हाडात जिवंत पेशी असतात. बाकीचे तीन मुख्यतः आधार म्हणून काम करतात. स्लॅब ओतताना सेंटरिंग लागतं तसं. त्याच्या आधाराने रुग्णाचंच रक्त आणि रुग्णाच्याच पेशी हाड उभं करतात. फरक इतकाच की यातलं काही सेंटरिंग शरीर हळूहळू विरघळवतं आणि काही वर्षानुवर्षं आतच राहतं.

बाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, प्राण्यापासून बनवलेलं काहीही शरीरात नको. दुसऱ्या माणसाचंही नको.

प्राणिज हाडाची पावडर आमच्या क्षेत्रात सगळ्यात जास्त अभ्यासली गेली आहे. ती फार सावकाश विरघळते, त्यामुळे मिळवलेली रुंदी टिकते. ती वगळायची म्हणजे एक भरवशाचं साधन बाजूला ठेवायचं. पण शरीर रुग्णाचं आहे. आणि खरं सांगायचं तर ही अट त्यांच्या मनात आधीपासूनच होती, फक्त तिला वाट मिळायला कोणीतरी तो प्रश्न विचारावा लागला. संमतीपत्रावर 'बोन ग्राफ्ट मटेरियल' एवढंच छापलेलं असतं तेव्हा रुग्ण नेमकी कशाला संमती देतो, हे त्यालाच माहीत नसतं.

अट पाळायची तर ती पूर्ण पाळायला हवी होती, आणि पावडर हा तिचा सगळ्यात सोपा भाग निघाला. ग्राफ्टवर घालायचा विरघळणारा पडदा बहुधा डुकराच्या किंवा गुरांच्या कोलॅजेनचा असतो. रक्त थांबवायला वापरतात तो स्पंज जिलेटिनचा किंवा कोलॅजेनचा. रेशमी टाके किड्याच्या कोशातून येतात, कॅटगट आतड्यापासून. अँटिबायोटिकच्या कॅप्सूलचं टरफलसुद्धा बहुतेक वेळा जिलेटिनचंच. आम्ही एका कागदावर यादी केली आणि प्रत्येक वस्तूपुढे ती कशापासून बनते ते लिहिलं. ज्याचा स्रोत वेष्टनावरून कळेना, त्याबद्दल उत्पादकाला विचारलं.

शेवटी ठरलं ते असं. भरण्यासाठी बाईंचं स्वतःचं हाड आणि कृत्रिम बायफेजिक (दोन खनिजांचं) कॅल्शियम फॉस्फेट, निम्मं निम्मं. त्यात हायड्रॉक्सीअॅपेटाइट जास्त काळ टिकतं आणि बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट लवकर विरघळतं. पडदा टायटॅनियमच्या काड्यांनी मजबूत केलेला, घट्ट विणीच्या पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा. टाके पीटीएफई आणि नायलॉनचे. औषध गोळीच्या रूपात. पडद्यावर झाकण्यासाठी त्यांच्याच रक्तातून काढलेलं पीआरएफ (प्लेटलेटनी भरलेला जेलीसारखा थर). त्यात बाहेरचं काही मिसळावं लागत नाही. पीआरएफने हाड जास्त बनतं असं मी म्हणणार नाही, पण हिरडी भरून यायला त्याची मदत होते.

पीटीएफई पडदा जुना, सिद्ध मार्ग आहे. हाडाच्या खळग्यावर पडदा घालून हिरडीच्या पेशींना बाहेर ठेवलं की आतली जागा हाडाने भरते, हे स्वीडनमधल्या दालिन आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये उंदरांच्या जबड्यात दाखवलं, ते पीटीएफई वापरूनच. हिरडीच्या पेशी वेगाने पसरतात, हाडाच्या सावकाश. पडदा नसेल तर जागा हिरडी बळकावते. मात्र पीटीएफई विरघळत नाही. तो नंतर काढावा लागतो, आणि मधल्या काळात हिरडी उघडली तर कोलॅजेनसारखा आपोआप नाहीसा होत नाही. त्याला झाकून ठेवणारी हिरडी एक दिवसही दगा देता कामा नये. ही जोखीम बाईंना दोनदा समजावली.

साखर

पहिल्या तपासणीत एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, ८.६ होतं. या आकड्यावर मी ग्राफ्ट करत नाही. वाढलेल्या साखरेत बारीक रक्तवाहिन्या नीट वाढत नाहीत, जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात, आणि ग्राफ्टला तर पहिले काही आठवडे नव्या रक्तवाहिन्यांवरच जगायचं असतं. त्यांच्या फिजिशियनशी बोललो. औषध बदललं, चालणं सुरू झालं. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि ही तपासणी त्यांच्यावर साठलेली साखर मोजते, त्यामुळे सुधारणा आकड्यात उतरायलाच तीनेक महिने लागतात. तेवढ्यात बाकीच्या दातांच्या हिरड्यांची सफाई आणि उपचार पूर्ण केले. वरची एक दाढ खालच्या मोकळ्या जागेत उतरली होती, ती थोडी घासून पातळीत आणली. नाहीतर शस्त्रक्रियेनंतर तीच टाक्यांवर आपटली असती. साखर ७.० वर आली तेव्हा तारीख ठरवली.

शस्त्रक्रिया

स्थानिक भुलेखाली काम केलं. माथ्यावरची चीर कडक, घट्ट हिरडीच्या बरोबर मधून घेतली, म्हणजे दोन्ही काठांना टाका धरेल अशी हिरडी मिळते. पुढची उभी चीर दोन दात पुढे, सुळ्याजवळ. उपदाढांच्या मुळांच्या आसपास नस हाडातून बाहेर येते, तिथे उभी चीर देणं म्हणजे ओठ कायमचा बधिर होण्याचा धोका. नस शोधून, डोळ्यांनी पाहून, मगच पुढे गेलो.

हिरडी उचलल्यावर हाड स्कॅनमध्ये दिसलं होतं तसंच होतं: गुळगुळीत, पांढुरकं, धारदार. असं हाड कोरडं असतं. त्यावर नुसती पावडर ठेवली तर ती परकीच राहते. म्हणून एक मिमीच्या बरने (बारीक ड्रिलने) त्यात अंतराअंतरावर छिद्रं पाडली. पहिली दोन-तीन कोरडीच निघाली. थोडं खोल गेल्यावर एकेका छिद्रातून रक्ताचा ठिपका वर आला आणि पसरत शेजारच्या ठिपक्याला मिळाला. हे रक्त येईपर्यंत मी पुढे सरकत नाही. नव्या रक्तवाहिन्या आणि हाड बनवणाऱ्या पेशी इथूनच येणार असतात.

स्वतःचं हाड त्याच चिरेतून, दाढांच्या मागच्या बाहेरच्या कडेवरून मिळालं. दुसरी जखम करावी लागली नाही. हाड खरवडायचं एक हत्यार असतं, त्याच्या पोटात पातळ, वळलेल्या सालीसारखे तुकडे रक्तासह गोळा होतात. ते कृत्रिम दाण्यांत कालवले. दाणे कोरडे असताना चिमट्यातून निसटतात. रक्त मुरलं की सगळं एकजीव होऊन चिकटून राहतं, ठेवाल तिथे बसतं.

पडदा आधी जिभेकडच्या बाजूला दोन टायटॅनियम पिनांनी पक्का केला, मिश्रण भरलं, मग पडदा ताणून गालाकडच्या बाजूला पिना मारल्या. बोटाने दाबून पाहिलं, आतलं काहीही हलत नव्हतं. या तपासणीवर मी फार अडून बसतो. ग्राफ्ट पहिल्या आठवड्यांत हलला तर दाण्यांभोवती हाडाऐवजी तंतुमय मांस तयार होतं, मग पावडर कितीही चांगली असो. बाईंच्या अटीमुळे साहित्य बदललं होतं. स्थिरता आणि झाकण या दोन बाबतींत मात्र तडजोडीला जागाच नव्हती.

झाकण हा सगळ्यात अवघड भाग. हाड जाड केलं की त्यावरची हिरडी अपुरी पडते. हिरडी लवचीक असते, पण तिच्या आतल्या बाजूला हाडाचं अस्तर, पेरिऑस्टियम, चिकटलेलं असतं आणि ते अजिबात ताणलं जात नाही. नव्या, धारदार पात्याने त्या अस्तराला आतून एकच सलग, उथळ चीर द्यायची, खोली अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. चीर बरोबर बसली की हिरडी हातात सैल पडते. मग पात्याच्या मागच्या, बोथट कडेने तंतू अलगद सोडवायचे, कापायचे नाहीत, कारण आत नसेचे फाटे असतात. जिभेकडची हिरडीही बोथट साधनाने सोडवली. दोन्ही काठ ओढ न लागता एकमेकांवर आठ-दहा मिमी सरकेपर्यंत थांबलो. टाक्याच्या जोरावर हिरडी ओढून आणली तर ती दहाव्या दिवशी उघडते. टाके दोन थरांत: आधी काठापासून चार-पाच मिमी खाली आडवे मॅट्रेस (ताण घेणारे टाके), मग काठावर एकेक साधा.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त होती, नंतर उतरली. ओठाची संवेदना पहिल्या दिवसापासून नीट. टाके दोन आठवड्यांनी काढले तेव्हा जखम पूर्ण मिटलेली होती.

पाचवा आठवडा

पाचव्या आठवड्याच्या तपासणीत पुढच्या दाढेच्या जागी, माथ्यावर, टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका दिसला. पडदा. मोजला तर जेमतेम दोन मिमी. भोवतालची हिरडी किंचित लाल, दाबल्यावर पू नाही, दुखत नव्हतं.

बाईंनी विचारण्याआधीच सांगितलं. डावीकडे चावून दात ठणकू लागले म्हणून आठवड्याभरापासून जेवताना जुनी कवळी लावत होत्या. कवळी पर्समध्येच होती. ती हलकेच बसवून पाहिली, तिची आतली कड बरोबर त्या ठिपक्यावर येत होती.

त्यांना बोल लावण्याचं काही कारण मला दिसलं नाही. 'कवळी लावू नका' हे सूचनापत्रात होतं. पण ज्या माणसाची दुसरी बाजू दुखते आहे, त्याने जेवायचं कसं, हे त्यात कुठे होतं? आता मी अशी कवळी शस्त्रक्रियेच्या दिवशीच मागून घेतो, ती ग्राफ्टपासून पूर्ण मोकळी राहील अशी घासून देतो किंवा दवाखान्यातच ठेवतो. आणि दुसऱ्या बाजूच्या दातांचं दुखणं आधी मिटवतो.

उघड्या पडलेल्या, न विरघळणाऱ्या पडद्याचं काय करायचं हे बऱ्यापैकी ठरलेलं आहे. उघडीप तीन मिमीपर्यंत आणि पू नसेल तर पडदा लगेच काढत नाहीत. दर आठवड्याला बघत, महिनाभरापर्यंत ठेवता येतो. त्याहून मोठी असेल, किंवा पू असेल तर पडदा ठेवण्यात अर्थ नाही, आतला ग्राफ्टच जातो. घट्ट विणीच्या पीटीएफईचा इथे फायदा होतो. त्याची छिद्रं इतकी बारीक असतात की जंतू सहजी पलीकडे जात नाहीत. पुन्हा टाके घालून भोक बुजवायचा मोह होतो. तो आवरायचा. दूषित झालेल्या पडद्यावर हिरडी चिकटत नाही, ओढल्याने भोक मोठं मात्र होतं.

कवळी बंद. क्लोरहेक्सिडीन जेल दिवसातून दोनदा, कापसाच्या काडीने, न घासता. दर आठवड्याला तपासणी. डावीकडच्या ज्या दाताला ठणक होती, त्याची उंची किंचित कमी करून भार हलका केला. ठिपका वाढला नाही, मिटलाही नाही. नवव्या आठवड्यात पडदा काढला.

पडद्याखाली मागच्या भागात घट्ट, रबरासारखा लालसर थर होता, त्यात दाणे रुतलेले. पुढे, भोकाच्या बरोबर खाली, काही दाणे सुटे होते, पाण्याच्या फवाऱ्याबरोबर निघून आले. सुटं तेवढं काढलं, जे धरून होतं त्याला हात लावला नाही, हिरडी पुन्हा शिवली. या वेळी ताण नव्हताच.

इम्प्लांट

ग्राफ्टपासून आठ महिन्यांनी पुन्हा स्कॅन केला. सहा महिन्यांनी करता आला असता, पण निम्मं साहित्य कृत्रिम होतं आणि पडदा वेळेआधी काढावा लागला होता, म्हणून थांबलो. मागच्या जागी माथ्यावर ७.४ मिमी. पुढच्या जागी माथ्यावर ५.९ आणि तीन मिमी खाली ७ मिमी. टाचणीच्या डोक्याएवढ्या त्या भोकाची किंमत साधारण एक ते दीड मिमी हाड.

दोन मार्ग होते: पुढे पुन्हा ग्राफ्ट करायचा किंवा आहे त्यात बसेल असा इम्प्लांट निवडायचा. मी दुसरा घेतला. मागे ४.५ मिमी व्यासाचा, ८.५ मिमी लांबीचा. पुढे ३.५ मिमी व्यासाचा, १० मिमी लांबीचा, किंचित जिभेकडे सरकवून, म्हणजे गालाकडे जास्त हाड राहील. दाढेच्या जागी साडेतीन मिमीचा व्यास मला एरवी पटत नाही. इथे तो चालला कारण दोन्ही कॅप जोडून द्यायच्या होत्या, भार मागच्या रुंद इम्प्लांटवरही वाटला जाणार होता. पुन्हा ग्राफ्ट म्हणजे आणखी आठ महिने, पुन्हा तीच हिरडी ओढायची, आणि आधीच शिवलेल्या हिरडीत रक्तपुरवठा कमी असतो.

ड्रिलिंग मंद गतीने, थंड सलाइनच्या धारेखाली. हाडाचं तापमान मिनिटभर ४७ अंश सेल्सिअसपर्यंत गेलं तरी त्याला इजा होते, हे १९८० च्या दशकातच दाखवलं गेलं आहे. ड्रिलच्या खाचांत जे आलं ते लालसर, ओलं हाड होतं, त्यात काही पांढरे दाणे अजून दिसत होते. रक्त येत होतं, आणि ते पाहून मला खरोखर हायसं वाटलं. मागचा इम्प्लांट ३५ न्यूटन सेंटिमीटरला (पिळून बसवताना लागलेल्या जोराचं माप) बसला, पुढचा ३० ला. दोन्ही हिरडीखाली बंद करून तीन महिने ठेवले.

ते उघडायच्या वेळी ग्राफ्टचा एक परिणाम समोर आला, ज्याबद्दल आधी फारसं बोललं जात नाही. हिरडी ओढून माथ्यावर आणली की गालाची मऊ, हलणारी त्वचाच इम्प्लांटभोवती येते, घट्ट हिरडी उरत नाही. तिथे ब्रश लागला की दुखतं, मग रुग्ण ब्रश करत नाही, मग सूज. टाळूवरून हिरडीची पातळ पट्टी काढून दोन्ही इम्प्लांटच्या गालाकडे लावली. बाईंच्या मते सगळ्या उपचारांत सर्वांत जास्त दुखलं ते टाळूच. हे पुढच्या रुग्णांना मी याच शब्दांत सांगतो.

दोन महिन्यांनी स्क्रूने बसणाऱ्या, जोडलेल्या दोन कॅप दिल्या. खाली आंतरदंत ब्रश जाईल एवढी जागा मुद्दाम ठेवली आणि तो ब्रश आरशासमोर त्यांच्याच हाताने घालून घेतला.

पुढे

वर्षभरानंतरच्या एक्स-रेमध्ये दोन्ही इम्प्लांटभोवती हाडाची पातळी स्थिर आहे. पुढच्या इम्प्लांटच्या गालाकडे हिरडी आणि इम्प्लांटमधल्या फटीची खोली तीन मिमी, तपासताना रक्त येत नाही. तिथलं हाड कमी आहे हे केसपेपरवर लाल शाईने नोंदवलं आहे. दर चार महिन्यांनी ती जागा वेगळी पाहिली जाते. एचबीए१सी त्याच भेटीत विचारलं जातं. साखर पुन्हा आठच्या वर गेली तर सर्वांत आधी तिथेच दिसेल.

दरम्यान डावीकडची वरची एक उपदाढ, जिने इतकी वर्षं जास्तीचा भार घेतला होता, मुळापर्यंत उभी तडकली. ती वाचण्यासारखी नव्हती. या वेळी काढण्याआधीच बाईंनी विचारलं, "काढल्याबरोबर तिथे भरता येईल ना? आणि काय भरणार?" दात हलकेच, गालाकडची भिंत न तोडता काढला. खड्ड्यात तेच कृत्रिम दाणे भरले आणि वर पीटीएफईचा तुकडा हिरडीच्या काठांखाली सरकवला. इथे तो उघडा राहिला तरी चालतो, हिरडी ओढावी लागत नाही. चार आठवड्यांनी तो चिमट्याने, भूल न देता निघाला. खाली नवी हिरडी धरू लागली होती. तिथल्या इम्प्लांटसाठी पाच महिन्यांनी स्कॅन करायचा आहे.